कृत्रिम पाय, स्प्लिंट, कॅलिपर लावणारी मुलं शाळेत आणि मैदानात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक आता सातवीत आहे. जन्मतःच तिच्या डाव्या पायातलं एक हाड नव्हतं, पाय आखूड आणि पाऊल वाकडं, सव्वा वर्षाची असताना ऑपरेशन करून पाऊल काढावं लागलं आणि दोन वर्षांची व्हायच्या आत तिला पहिला कृत्रिम पाय बसला. आत्ता आठवा चालू आहे. एवढ्या वर्षांत ओपीडीच्या बाकड्यांवर शेजारी बसलेल्या आयांनी, बाबांनी, आजी-आजोबांनी जे जे विचारलं ते बहुतेक तेच तेच असतं, आणि पहिल्या वर्षी मीही तेच विचारत होते, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाहीये. फिटिंगचं आणि दुखण्याचं तुमच्या डॉक्टरांना आणि ऑर्थोटिस्टलाच (स्प्लिंट, ब्रेस बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाला) विचारा. शाळा, व्हॅन, मैदान, बिल्डिंगमधली पोरं ह्याबद्दल मात्र माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

प्रोस्थेसिस, एएफओ, कॅलिपर, ब्रेस... हे सगळं एकच असतं का?

नाही. जो अवयव नाहीये त्याच्या जागी बसतो तो प्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम हात किंवा पाय. आणि जो अवयव आहे पण त्याला आधार हवा किंवा सरळ धरून ठेवायला हवं, त्यासाठी लावतात ते ऑर्थोसिस. एएफओ म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंतचं ते पांढरं किंवा रंगीत प्लास्टिकचं, ज्याला आपण साधं स्प्लिंट म्हणतो. पार मांडीपर्यंत जातं त्याला कॅलिपर. मणक्याला बाक असला तर अंगात घालायचा ब्रेस. आमच्या आईच्या पिढीत कॅलिपर दिसलं की लोक पोलिओ समजायचे. भारतातली पोलिओची शेवटची केस २०११ ची, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आजची जी मुलं स्प्लिंट किंवा कॅलिपर लावतात त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम), स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मदोष), मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होणं) अशी वेगवेगळी कारणं असतात. प्रत्येकाचं वेगळं, म्हणून दुसऱ्याच्या मुलाचा सल्ला आपल्या मुलाला जसाच्या तसा लागू करू नका, माझ्या लेकीचा सुद्धा.

शाळेला आधीच सांगावं का? ॲडमिशन नाकारतील अशी भीती वाटते.

सांगा. लपवून ठेवलं तर पहिल्याच आठवड्यात मूल पडल्यावर कळतं आणि मग शाळा घाबरते, आणि घाबरलेली शाळा पहिलं काय करते तर मुलाला बसवून ठेवते. नाकारण्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे की शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यायचाय, अभ्यासात आणि खेळात दोन्हीत समान संधी द्यायचीय, इमारतीत वावरता येईल अशी सोय करायचीय. खेळ हा शब्द कायद्यात आहे, हे मला पण उशिरा कळलं.

मी दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत जाऊन चौघांना भेटते. वर्गशिक्षिका, पीटीचे सर, मजल्यावरच्या मावशी आणि व्हॅनवाले काका. मुख्याध्यापकांना भेटून सगळीकडे निरोप पोचेल असं समजू नका, पोचत नाही. आणि मावशींना कधी विसरू नका, कारण टॉयलेटमध्ये पट्टा सुटला तर तिथे बाई नसतात, मावशीच असतात.

एका पानावर मराठीत लिहून देते: काय लावलंय, ती स्वतः काय करू शकते, कशाला मदत लागते, पाय काढायची वेळ आली तर कसा काढायचा, कोणाला फोन करायचा. आणि सगळ्यात वरती ठळक अक्षरात एकच ओळ, "तिला न विचारता तिला कशातूनही वगळू नका."

ती ओळ का?

कारण पहिलीत माझी लेक वर्षभर पीटीच्या तासाला सगळ्यांच्या बाटल्या सांभाळत बसली होती. कोणी वाईट वागलं नाही हो, सगळे प्रेमानेच म्हणायचे, तू बस हं बाळा, दमशील, आमच्या बाटल्यांवर लक्ष ठेव. तिलाही सुरुवातीला ते काहीतरी मोठं काम वाटायचं. मला कळलं ते मार्चमध्ये, ती घरी खेळताना बाहुलीला सांगत होती की तू बस, तू बाटल्या सांभाळ. मी ओट्यापाशी उभी होते, पोळी तव्यावर तशीच करपली.

पायाने तिला एवढं कधीच थांबवलं नव्हतं. आणि ह्यात माझीही चूक आहे, मी वर्षभरात एकदाही विचारलं नाही की पीटीला काय केलंस. "आज काय शिकवलं" विचारायचे, "डबा संपवला का" विचारायचे. आता रोज विचारते, आज काय खेळलात.

वर्गातल्या मुलांना कोणी आणि कसं सांगायचं?

आधी तुमच्या मुलाला विचारा की सांगायचंय का, आणि कोणी सांगायचं. बालवाडीत मी स्वतः गेले होते, जुना छोटा पाय घेऊन, मुलांच्या हातात दिला, वाजवून बघितला त्यांनी, वेल्क्रो चर्र करून उघडला-लावला, दहा मिनिटांत त्यांचं कुतूहल संपलं आणि ती डबे खायला लागली. तिसरीत तिने स्वतः सांगितलं. पाचवीत शाळा बदलली तेव्हा म्हणाली, आई मी कोणालाच सांगणार नाही, विचारलं तर बघीन. तेही बरोबरच. एएफओवाल्या मुलांचं तर फुलपँटखाली दिसत पण नाही, त्यांना सगळ्या वर्गाला दाखवायची सक्ती कशाला?

मुलं विचारतात ते प्रश्न साधे असतात. दुखतं का, झोपताना काढतेस का, आंघोळीला काय करतेस. ह्याची दोन-तीन वाक्यांची उत्तरं घरी तयार करून घ्या. मोठ्यांचे प्रश्न जड जातात. ट्रेनमध्ये, लग्नात, "अगंबाई काय झालं हिला" असं तिच्यासमोर मला विचारतात, जशी ती तिथे नाहीचे. मी एवढंच म्हणते, तिलाच विचारा ना. बहुतेक लोक मग गप्प होतात, आणि जे खरंच विचारतात त्यांच्याशी ती नीट बोलते.

नवीन स्प्लिंट मिळालं की पहिल्याच दिवशी शाळेत पूर्ण वेळ घालू का?

नको नको. नवीन डिव्हाइस सुरुवातीला घरी तासभर घालायचं, काढून कातडी बघायची, मग हळूहळू वेळ वाढवत एक-दोन आठवड्यांत पूर्ण दिवसावर यायचं, नेमकं वेळापत्रक तुमच्या ऑर्थोटिस्टकडून लिहून घ्या. शक्यतो नवीन फिटिंग मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत येईल असं बघा, शाळा चालू असताना हे जमवणं फार अवघड जातं.

काढल्यावर थोडं लालसर दिसणं चालतं, वीस-तीस मिनिटांत ते जायला हवं. त्याहून जास्त वेळ राहिलं, किंवा फोड आला, कातडी सोलवटली, एकाच हाडाच्या टोकावर रोज लाल होतंय, तर ते डिव्हाइस बंद करून दाखवायला न्यायचं. घरी तापवून वाकवायचं नाही, तासायचं नाही, कापूस कोंबायचा नाही. स्पायना बिफिडाच्या बऱ्याच मुलांना तळव्याला किंवा पायाला संवेदना कमी असते किंवा नसतेच, त्यांना दुखतच नाही, त्यामुळे मूल तक्रार करत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं अजिबात धरू नका, रोज डोळ्यांनी बघा. आणि ह्याच मुलांना लॅटेक्स रबराची ॲलर्जी असायची शक्यता जास्त असते, म्हणजे वाढदिवसाचे फुगे! शाळेच्या त्या पानावर हे नक्की लिहा.

स्प्लिंट घालताना टाच पूर्ण मागे आणि खाली बसली पाहिजे, आधी घोट्यावरचा पट्टा, मग पोटरीचा. हे मावशींना एकदा करून दाखवा. आतमध्ये मोजा हवाच, सुती, शिवण नसलेला किंवा शिवण टोचणार नाही असा, आणि प्लास्टिकच्या वरच्या कडेपेक्षा उंच. नुसतं प्लास्टिक घालून लादीवर चालू देऊ नका, सटकन पाय घसरतो, वर बूट हवाच. बूट एक-दोन नंबर मोठा आणि पुढून रुंद लागतो, आतला सोल काढला की जागा होते. दोन पायांना दोन नंबरचे बूट म्हणजे दोन जोड विकत घ्यावे लागतात, त्याबद्दल शेवटी सांगते.

कृत्रिम पायवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. पाय जुळवताना बुटाच्या टाचेची उंची धरून जुळवलेला असतो. शाळेचे काळे बूट आणि पीटीचे पांढरे बूट ह्यांच्या टाचेत फरक असला की मूल पुढे किंवा मागे झुकून चालायला लागतं, गुडघा दुखतो, आणि आपण महिनाभर भलतीकडेच कारण शोधत बसतो. आमचं असंच झालं होतं. आता दोन्ही बूट घेऊन जाऊनच फिटिंग करतो.

मुंबईच्या पावसात काय करायचं?

जून ते सप्टेंबर आमच्याकडे सगळ्यात जास्त त्रासाचे. घाम, दमटपणा, ओले मोजे, त्यात भांडुप स्टेशनबाहेरचं पाणी. दप्तरात एका झिपच्या पिशवीत दोन मोज्यांचे जास्तीचे जोड, एक छोटा नॅपकिन आणि ओले मोजे ठेवायला वेगळी पिशवी. मधल्या सुट्टीत मोजा बदलायचा, हे बाईंना सांगून पाच मिनिटं मागून घ्या. सॉकेट (कृत्रिम पायाचा तो पोकळ भाग ज्यात आपला पाय जातो) किंवा स्प्लिंट रात्री ओल्या फडक्याने आणि साध्या साबणाने पुसायचं, मग कोरड्याने, आणि पंख्याखाली ठेवायचं. गॅसजवळ नाही, हेअर ड्रायर नाही, खिडकीतल्या कडक उन्हातही नाही, प्लास्टिक वाकडं होतं. लाइनर, म्हणजे सॉकेटच्या आत घालायचं मऊ अस्तर, असेल तर तोही रोज धुवायचा. चामड्याचे पट्टे भिजले तर सावलीत सुकवा, कॅलिपरच्या लोखंडी सांध्यांना गंज धरतो, तिथे काय लावायचं ते तंत्रज्ञांना विचारा. वेल्क्रोत दोरे आणि केस अडकून तो धरेनासा होतो, जुन्या टूथब्रशने साफ करा.

बोटांच्या बेचक्यांत पांढरं पडलं, खाज आली, वास यायला लागला तर बुरशी असू शकते, लगेच दाखवा. पावडर थापून वरून मोजा घालू नका, घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात.

आणि जुलैत जेव्हा खरंच पाणी भरतं तेव्हा सरळ घरी ठेवा. एक दिवस शाळा बुडाली तर चालते.

पीटीला, मैदानात खेळू द्यायचं का? पडलं तर?

पडेल. सगळीच मुलं पडतात, आणि गुडघे फुटलेलं पोर घरी आलं की आपण हळद लावतो, खेळ बंद करत नाही. डॉक्टरांनी एखादी गोष्ट नको म्हणून सांगितली असेल तर ती नको, पण "काय नको" हे एका कागदावर नेमकं लिहून मागा. "जरा सांभाळून" एवढंच ऐकलं की शाळा त्याचा अर्थ "काहीच नको" असा लावते.

आता लंगडीचं सांगते. मला ह्या शब्दाचाच राग होता. पोरं लंगडी खेळणार म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, कोणीतरी तिच्याकडे बघून काहीतरी बोलेल म्हणून. तिसरीत बिल्डिंगच्या आवारात ती खेळायला लागली तेव्हा कळलं की त्या सगळ्या पोरांमध्ये एका पायावर सगळ्यात जास्त वेळ तीच टिकते. का नाही टिकणार, लहानपणापासून सकाळी उठून पाय न लावता पलंगापासून मोरीपर्यंत ती लंगडी घालतच जाते, तिचा उजवा पाय एवढा तयार झालाय की बाकीची पोरं दहा उड्यांत दमतात आणि ही अख्खं अंगण फिरते. शाळेच्या टीममध्ये आहे आता. मी मात्र त्या शब्दाला घाबरून दोन वर्षं तिला खाली पाठवत नव्हते.

क्रिकेटमध्ये नियम पोरांनीच काढले. ती बॅटिंग करते आणि पळते पण स्वतःच, फक्त तिच्यासाठी समोरचा स्टंप, म्हणजे ती वीट, दोन पावलं अलीकडे सरकवतात. एका काकांनी वरून ओरडून सांगितलं, असं कुठे असतं का क्रिकेटमध्ये! पण मुंबईच्या बिल्डिंगमध्ये वन टप्पा आऊट असतं, काचेला बॉल लागला की आऊट असतं, गटारात गेला की दोनच रन असतात, एवढे नियम जागेसाठी बदलतात तर एक नियम मैत्रिणीसाठी बदलला तर काय झालं? पोरांना हे सुचतं, आपण मध्ये पडलो नाही तर.

खो-खोमध्ये उकिडवं बसून झटकन उठणं स्प्लिंटवाल्या मुलांना कठीण जातं, त्यांना चौकोनात उभं राहू द्या. लगोरी, विषामृत, साखळी ह्यात फार काही बदलावं लागत नाही. कबड्डी किंवा कुस्तीसारखं अंगाला अंग लागतं तिथे दुसऱ्या मुलांना कडक प्लास्टिक किंवा धातू लागू शकतो, म्हणून वरून पॅड किंवा जाड मोजा, नाहीतर तो खेळ डिव्हाइस काढून, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. धावल्यावर दहा मिनिटं बसून पट्टे आणि मोजे बघायची सवय लावा. कृत्रिम पायात दुपारपर्यंत स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, थोडा आक्रसतो, सॉकेट सैल होतं, तेव्हा एक मोजा वाढवायचा, हे आठ-नऊ वर्षांचं मूल स्वतः शिकू शकतं.

आणि मुलांना मोठी माणसं दाखवा. मुंबईतच वाढलेल्या मानसी जोशीने २०११ मध्ये अपघातात पाय गमावला आणि २०१९ मध्ये पॅरा बॅडमिंटनची वर्ल्ड चॅम्पियन झाली. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी तर १९७२ मध्येच पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. पण रोज रोज नका सांगू. आपलं मूल चॅम्पियन झालंच पाहिजे असं काही नाही, त्याला नुसतं संध्याकाळी साडेपाच ते सात खाली खेळायला मिळालं पाहिजे.

चिडवतात हो. काय करू?

आधी सगळं ऐकून घ्या, लगेच शाळेत धावू नका, आणि "लक्ष देऊ नकोस" असंही म्हणू नका, ते कोणालाच जमत नाही. एकदोनदा झालं तर मूल स्वतः काय उत्तर देणार ते घरी ठरवा. पुन्हा पुन्हा होतंय, कोणी पट्टे ओढतंय, पाय लपवून ठेवतंय, तर वर्गशिक्षिकेला लेखी द्या, तारखेसकट. डिव्हाइसला हात लावणं म्हणजे मुलाच्या अंगाला हात लावणं, हे वर्गाला बाईंनी एकदा सांगायला हवं.

मोठ्यांच्या "बिचारी"चं काय करायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही.

खाली मांडी घालून बसणं आणि टॉयलेट?

हे फार जण विचारतात, दबक्या आवाजात. घोटा न हलणारं स्प्लिंट घालून उकिडवं बसता येत नाही, त्यामुळे भारतीय पद्धतीच्या संडासात अडचण येते. शाळेत एक तरी कमोड असलाच पाहिजे, नसेल तर खुर्चीसारखा कमोड स्टूल ठेवायची मागणी करा, आणि बाजूला धरायला दांडा. तो दांडा बसवायला खर्च फारसा नाही पण त्याच्यावाचून मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मी पाहिलंय. डब्याबरोबर बाटली पण भरलेलीच परत येत असेल तर कारण तेच असू शकतं.

प्रार्थनेला खाली बसवतात तिथे गुडघ्याच्या वरून पाय नसलेल्या मुलांना मांडी घालता यावी म्हणून एक फिरणारा जोड बसवता येतो, विचारून बघा. जयपूर फूट १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी केला तो हेच बघून, की आपली माणसं खाली बसतात, अनवाणी चालतात, चिखलात जातात. एवढं करून जमत नसेल तर खुर्ची द्या, पण शेवटच्या कोपऱ्यात एकटी नको, आपल्या वर्गाच्या रांगेच्या कडेला. सेरेब्रल पाल्सीची बरीच मुलं पाय मागे दोन्हीकडे टाकून बसतात, तसं बसू द्यावं का ते फिजिओला विचारून बाईंना सांगा.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

मुंबईतल्या शाळा उभ्याच असतात, काय करणार. वर्ग तळमजल्यावर आणा असं लेखी पत्र द्या, मुलाला वर उचलून नेण्यापेक्षा अख्खी तुकडी खाली आणणं सोपं आहे आणि शाळांना ते जमतं. तोपर्यंत पुस्तकांचा एक जास्तीचा संच वर्गात ठेवायला मागा म्हणजे दप्तर हलकं होतं. सुटताना पाच मिनिटं आधी सोडलं तर जिन्यावरच्या गर्दीत धक्के लागत नाहीत, पण एकटीला नको, रोज एक मैत्रीण बरोबर. त्या पाच मिनिटांसाठी वर्गात नंबर लागतात!

हाताचं डिव्हाइस असेल तर?

इथे माझा स्वतःचा अनुभव नाही, शेजारच्या बाकड्यावरच्या मैत्रिणीच्या मुलाचं बघितलंय. जन्मतः एक हात कोपराखाली नसलेली बरीच मुलं कृत्रिम हाताशिवायच जास्त पटपट कामं करतात, आणि तो हात फक्त सायकलला, नाचाला किंवा फोटोपुरता लावतात, आणि त्यात हट्टीपणा काही नाही. त्या हातात स्पर्श नसतो, उरलेल्या हाताला असतो. डबा दाबून उघडायचा नसून सरकून उघडणारा द्या, वही सरकू नये म्हणून खाली ओट्यावर टाकतात तसल्या रबरी मॅटचा तुकडा, बाटली पुश करायची.

पाठीच्या ब्रेसवाली मुलगी आठवी-नववीत आहे, घालतच नाही.

ह्या वयात अंगाला घट्ट कडक कवच घालून शाळेत बसायचं, मुंबईच्या उकाड्यात, आणि गणवेश घट्ट झाला की सगळ्यांच्या नजरा, मला तिचं पटतं. पण ब्रेसचा गुण तासांवर असतो. २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात ब्रेस लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या पातळीपर्यंत गेला नाही, न लावणाऱ्यांत हे ४८ टक्के होतं, आणि जितके तास जास्त तितका फायदा जास्त. हे आकडे तिलाच दाखवा, तिला कळतात. डॉक्टरांनी सांगितलेले तास तिनेच बसवायचे, शाळेत किती, रात्री किती. खेळाच्या वेळी बहुतेक डॉक्टर काढू देतात. आतून सुती बनियन, गणवेश एक साइज मोठा.

डिव्हाइस लहान झालं हे कसं ओळखायचं?

स्प्लिंटमध्ये बोटं पुढच्या कडेच्या बाहेर यायला लागली, पट्टा पुरत नाही, पोटरीला कड रुततेय, नवीन जागी लाल होतंय. कृत्रिम पायात मूल एका बाजूला झुकून चालतंय, कंबर तिरकी दिसते, सॉकेटमध्ये पाय पूर्ण जात नाही. पाच वर्षांपर्यंत साधारण दरवर्षी, त्यानंतर बारापर्यंत दीड-दोन वर्षांनी पाय बदलावा लागतो असं धरून चाला आणि पैशाचं तसंच बघा. ज्या मुलांचा पाय किंवा हात मधूनच कापावा लागलाय त्यांचं हाड टोकाशी वाढून कातडीला टोचू शकतं, त्यामुळे टोकाला दुखतंय म्हणालं तर सॉकेटलाच दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सहल, समुद्र, स्विमिंग?

सहलीला पाठवा. एक जास्तीचा पट्टा, मोजे, आणि बाईंकडे तुमचा नंबर. पोहायला आमची लेक पाय काढूनच उतरते, काठापर्यंत चालत आणि मग लंगडी. नेहमीचा पाय पाण्यात चालतो का ते बनवणाऱ्यांना विचारा, प्रत्येकाचं मटेरियल वेगळं. जुहूला गेलो की खारं पाणी आणि वाळू सांध्यात जाते, घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने पुसून कोरडं करायचं.

कुठे जायचं आणि खर्चाचं काय?

मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची, १९५५ पासूनची, तिथे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं शिकवणारे) आणि हातपाय बनवायचं वर्कशॉप एकाच आवारात. लहान मुलांसाठी परळचं वाडिया. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात, कानपूरच्या अलिम्को ह्या सरकारी कंपनीमार्फत शिबिरं होतात, आणि समग्र शिक्षामधून शाळेतल्या मुलांसाठीही, म्हणून शाळेला किंवा वॉर्डातल्या विशेष शिक्षकांना विचारा. समग्र शिक्षामध्ये प्रवासभत्ता आणि सोबत जाणाऱ्याचा भत्ताही असतो, आणि मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. खासगीत जाणार असाल तर करणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केलेला आहे ना ते आधी बघा.

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) लवकर काढा. अर्ज ऑनलाइन, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी. मुलांचा दाखला ठरावीक मुदतीचा असू शकतो, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. चाळीस टक्के आणि वर असेल तर सहा ते अठरा वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. लिहायला अडचण असेल तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जास्त आणि गरज असेल तर लेखनिक, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दहावीच्या बोर्डाला अर्ज शाळेमार्फत जातो, नववीतच सुरुवात करा.

एखाद्या दिवशी घालायलाच नको म्हणतं तर?

आधी कातडी बघा. दहातल्या आठ वेळा काहीतरी टोचत असतं. टोचत नसेल तर कंटाळा आलेला असतो, आणि रविवारी दुपारी तासभर काढून बसू द्यायला हरकत नाही, डॉक्टरांनी सतत घालायला सांगितलेलं नसेल तर. रंग, डिझाइन त्यांना निवडू द्या. आमच्या सहाव्या पायावर फुलपाखरं होती, सातव्यावर ती काहीच नको म्हणाली.

लहान झालेले पाय, स्प्लिंट दुसऱ्या मुलाला देता येतात का?

सॉकेट आणि स्प्लिंट नाही. ते एकाच मुलाच्या मापाचे असतात, दुसऱ्याला घातले तर जखम होईल. पाऊल, नळी असे काही भाग चांगल्या अवस्थेत असतील तर वर्कशॉपमध्ये दाखवा, ते ठरवतील. बूट मात्र नक्की देता येतात. दोन जोडांतला एक उजवा आणि एक डावा आपल्याकडे कोरा पडून राहतो. ओपीडीत मला एक आजोबा भेटले, त्यांच्या नातवाचं बरोबर उलटं आहे, त्याला उजव्या पायाला मोठा लागतो. गेली तीन वर्षं आम्ही दोघं मिळून दोन जोड घेतो, शाळा सुरू व्हायच्या आधी दादरला भेटतो, पुलाखाली कट्ट्यावर चारही बूट काढून मांडतो आणि वाटून घेतो. यंदा नातवाचा पाय पुढे गेलाय, एक नंबरचा फरक पडला, तर आता तिसरं कोणीतरी शोधतोय. चार आणि पाच नंबर, काळे, वेल्क्रोचे.